गिरिभ्रमण आणि नदीचा उतार

पावसाळा सरत आला, की सत्तरी, सांगे आणि काणकोण तालुक्यांतील डोंगरांकडे तरुणांची पावले वळू लागतात. दोन-तीन दिवसांचा शिधा पाठीवर घेऊन रानातून केलेले गिरिभ्रमण शरीर काटक आणि मन सावध करते. तथापि या प्रदेशात चढणीपेक्षा नद्या-ओहळ ओलांडताना अधिक कसोटी लागते. याचे कारण येथील भूरचनेत आहे.

चोर्ला घाटाच्या परिसरातील माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे वळून सत्तरीत उतरते आणि पुढे मांडवी या नावाने अरबी समुद्रास मिळते. पश्चिमवाहिनी ओहळांना थोड्या अंतरात शेकडो मीटर खाली यावे लागते. त्यामुळे माथ्यावर कोसळलेली मोठी सर काही तासांतच लोंढ्याच्या रूपाने खोऱ्यात पोहोचते. खाली लख्ख ऊन असतानाही पाणी चढते, ते यामुळेच. ऑक्टोबरातील परतीचा पाऊस तर बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओहळ सायंकाळी दुस्तर होऊ शकतो. म्हणून पाणी शक्यतो सकाळीच ओलांडावे आणि मुक्काम नदीच्या पात्रात किंवा वाळूच्या पट्ट्यावर कधीही करू नये.

लोंढा येण्यापूर्वी नदी काही सूचना देते. नितळ पाणी गढूळ होते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, प्रवाहाचा आवाज बदलतो. काठावर पाण्याच्या रेषेला एक दगड ठेवावा. अर्ध्या तासात तो बुडाला, तर पाणी चढते आहे असे समजावे व उंच जागी जावे.

पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय उखडते, ते या नियमामुळे. उतार निवडताना पात्र रुंद, पाणी उथळ आणि तळ दिसणारा असावा. वळणाच्या बाहेरच्या बाजूस पाणी खोल असते. ती जागा टाळावी. पाय घसरल्यास प्रवाह कोठे नेईल, हे आधी पाहावे. खाली धबधबा, कोंड किंवा आडवे पडलेले झाड असेल, तर तेथे उतरू नये. पायांतील बूट काढू नयेत. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे प्रसंगी ओझे टाकून देता येते. दोर अंगाला बांधून घेऊ नये. पडलेला माणूस त्याच दोरामुळे पाण्याखाली ओढला जातो. तोंड प्रवाहाकडे ठेवून, काठीचा आधार घेऊन, एका वेळी एकच पाऊल टाकावे. तिघा-चौघांनी परस्परांना घट्ट धरून ओलांडणे एकट्यापेक्षा अधिक सुरक्षित असते.

भिजलेल्या अंगावर वारा लागला, की शरीराची उष्णता झपाट्याने जाते. यास्तव कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत राखून ठेवावा. विजा चमकू लागताच उघडा माथा सोडावा. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी, वाट जाणणारा गावातील माणूस सोबत असावा आणि परतण्याचा दिवस घरी लिहून ठेवावा. कारण दऱ्याखोऱ्यांत दूरध्वनीचा भरवसा धरता येत नाही.

वेळेचा हिशेब करण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरना एक तास आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास, असा तो नियम आहे. पाठीवर ओझे आणि पायाखाली निसरडी वाट असता हा काळ किमान समजावा.

या हिशेबात एक दिवस आणि एका दिवसाचा शिधा राखीव असला पाहिजे. उद्या कामावर हजर व्हायचे आहे, शेवटची बस गाठायची आहे, या घाईने माणसे चढत्या पाण्यात पाय घालतात. वस्तुतः पाऊस थांबल्यावर डोंगरातील ओहळ काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो. तेवढा काळ काठावर बसून राहण्याची तयारी घरून निघतानाच करावी. गटातील एकाने जरी नको म्हटले, तरी सर्वांनी थांबावे, असा संकेत प्रत्येक तुकडीने पाळणे हिताचे आहे.