नुसती गोळी बदलली, तर नेम का सरकतो?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिकडे तो रायफलची काडतुसे घरीच भरतो. पुंगळी तीच, दारू त्याच जातीची, फक्त शिशाच्या गोळीऐवजी तांब्याची बसवली, तर शंभर मीटरवर नेम चार बोटं सरकला, असं तो सांगत होता. एवढ्याशा बदलानं असं का व्हावं? आमच्या घरी वडिलांच्या परवान्यावर तीनशे पंधराची जुनी रायफल आहे. तिलाही हे लागू आहे का?
– एक वाचक, बेला (जि. आदिलाबाद)

उत्तर : लागू आहे, आणि बदल एवढासा मुळीच नाही. काडतुसात पितळी पुंगळी, बुडाची टोपी, दारू आणि गोळी अशा चार वस्तू असतात. यातली गोळी तेवढी नळीबाहेर जाते, म्हणून ती सुटी वस्तू वाटते. पण नळीत दाब किती चढणार, हे ठरवण्यात तिचाही मोठा वाटा असतो. दारू पेटली की वायू होतो आणि गोळी पुढे सरकेल तशी त्याला जागा मिळत जाते. गोळी जड असली तर ती सावकाश हलते, जागा उशिरा मिळते, दाब चढतो; आणि दाब चढला की दारू आणखी वेगानं जळते. हलक्या गोळीसाठी ठरलेलं दारूचं माप जड गोळीमागे तसंच ठेवणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं.

भाच्याच्या बाबतीत वजन सारखं असेलही, पण धातू बदलला. शिसं तांब्यापेक्षा जवळजवळ सव्वापट जड. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी साहजिकच लांब होते, आणि काडतुसाची एकूण लांबी तीच ठेवायची तर ती पुंगळीत जास्त आत शिरते. दारूची जागा कमी झाली की दाब पुन्हा बदलला. शिवाय तांबं कडक. नळीतल्या आट्यांत ते सहजी दबत नाही. घर्षण कमी व्हावं म्हणून अशा गोळ्यांच्या अंगाला कारखान्यातच गोल खाचा पाडतात. शिशाऐवजी तांबं हा बदल तिथल्या अनेक शिकाऱ्यांना करावा लागतोय, कारण शिसं पोटात जाऊन कॉन्डॉर गिधाडं मरतात म्हणून कॅलिफोर्नियानं 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली.

नुसती गोळी बदलल्यानं काय काय बदलावं लागतं, हे पाहायचं तर आपल्या पोलिसांची जुनी थ्री नॉट थ्री रायफल घ्या. तिची आधीची गोळी बोथट नाकाची, 215 ग्रेनची, म्हणजे सुमारे 14 ग्रॅमची होती आणि सेकंदाला साधारण 630 मीटर वेगानं सुटायची. 1910 मध्ये ब्रिटिशांनी टोकदार, 174 ग्रेनची, सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपासची गोळी आणली. वेग गेला 744 मीटरवर. हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवून हिशेब करा. 200 मीटर अंतर कापेपर्यंत जुनी गोळी सुमारे 50 सेंटिमीटर खाली येते, नवी 35. म्हणजे नेम तोच, माणूस तोच, पण फरक पंधरा सेंटिमीटरचा! हवा धरली तर तो आणखी वाढतो, कारण टोकदार गोळी हवा कापत जाते आणि बोथट गोळीचा वेग लवकर मरतो. त्यामुळे रायफलींच्या नेमपट्टीवरच्या अंतराच्या खुणा नव्यानं आखाव्या लागल्या. टोकदार नाक नीट वर चढावं म्हणून मॅगझिनच्या तोंडातही फेरफार करावा लागला.

त्या गोळीच्या पोटात डोकावलं तर आणखी एक गोष्ट दिसते. टोकाच्या आत शिसं नाही. तिथे ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा भरलेला. त्यामुळे वजन कमी ठेवूनही गोळी लांब करता आली, पण तोल मागे गेला. अशी गोळी सरळ जावी तर तिला भोवऱ्यासारखी गरगर फिरवावी लागते. थ्री नॉट थ्रीच्या नळीतले आटे दर दहा इंचांत एक फेरा घेतात. 744 मीटरच्या वेगाला हे सेकंदाला जवळपास 2,900 फेरे होतात.

गोळी जितकी लांब, तितका हा फेरा घट्ट हवा. अमेरिकेच्या एम-16 रायफलीत 55 ग्रेनच्या गोळीला बारा इंचांत एक फेरा पुरत असे. 1980 च्या दशकात 62 ग्रेनची लांब गोळी आली, तिच्या जोडीची, जाताना उजेडाची रेघ सोडणारी ट्रेसर गोळी तर त्याहून लांब, आणि नव्या नळ्या सात इंचांत एक फेरा घेणाऱ्या केल्या. नवी गोळी जुन्या नळीतून झाडली की ती हवेत डोलते आणि कागदी निशाणावर गोल भोकाऐवजी आडवी फट पडते. भाच्याला निशाणावर अशी भोकं दिसली, तर दारू कमी-जास्त करून काही साधणार नाही. ती गोळी त्या नळीची नाही.

नेमबाजीतले लोक तर याच्या फार पुढे जातात. पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्य मिळवलं, त्या 50 मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं असतं. तिथली पॉइंट टू टू काडतुसं घरी भरण्याजोगी नसतात. मग मोठे नेमबाज रायफल घट्ट आवळून एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या खेपा झाडून बघतात आणि जी खेप त्या नळीला मानवते, तिचाच साठा घेतात. नाव तेच, वजन तेच, तरी खेपेखेपेत फरक पडतो. मग सबंध गोळीच बदलल्यावर नेम सरकला, यात काय नवल?

भाच्याला सांगा, गोळी बदलली की जुनं माप बाद. ती गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात त्याच गोळीसाठी दिलेलं सुरुवातीचं माप घ्यायचं आणि नेम पहिल्यापासून जुळवायचा.

तुमच्या घरी मात्र काडतूस भरण्याचा विचारही नको. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसं तयार करायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याच्या परवान्यात ते येत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून कारखान्यात भरलेली आणि एकाच जातीची काडतुसं घ्या. जात बदलावीच लागली, तर मान्यताप्राप्त रेंजवर कागदी निशाणावर नेम पुन्हा तपासून घ्या. रायफल बरीच वर्षं पडून असेल, तर त्याआधी परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून नळी आणि बोल्ट बघून घ्या.