निराश्रितांस मदत पोंचविण्यांतील अडचणी: रत्नागिरी जिल्ह्यापुरता विचार

मदतफंडाच्या अहवालांत बहुधा दोन आंकडे ठळक असतात: रक्कम किती जमली, व किती लोकांस अन्नवस्त्र दिलें. या दोहोंच्या मध्यें जें घडतें, म्हणजे धान्याचें पोतें वखारींतून निघून निराश्रिताच्या पानापर्यंत कोणत्या वाटेनें गेलें, तें नेणारे कोण होते, व ते सुखरूप परत आले कीं नाहीं, याचा हिशेब क्वचितच दिला जातो. वस्तुतः दात्याचें दान फुकट जातें तें याच मधल्या टप्प्यांत. म्हणून यंदाच्या अहवालासोबत या विषयाचें थोडें विवेचन उदार आश्रयदात्यांपुढें ठेवण्याची आम्ही परवानगी घेतों.

जगांत इतरत्र हा प्रश्न मुख्यतः शस्त्रांचा झाला आहे. १९ ऑगस्ट २००३ रोजीं बगदाद येथें संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बाँबहल्ला होऊन २२ माणसें ठार झालीं. तो दिवस पुढें मदतकार्य करणाऱ्यांच्या स्मरणार्थ पाळला जाऊं लागला. २०२४ या एका सालीं ३८३ मदतकर्ते मारले गेल्याचें संयुक्त राष्ट्रांनींच जाहीर केलें, व त्यांतील बहुतेक त्या त्या देशाचेच रहिवासी होते. ही शेवटची गोष्ट आपणांसही लागू आहे. आपल्याकडे सुदैवानें बंदूक नाहीं. परंतु दरड आहे, वाहतें पाणी आहे, तुटून लोंबणारी विजेची तार आहे व चिखलांतून येणारा ताप आहे. आणि या सर्वांच्या तोंडीं प्रथम जातो तो बाहेरून आलेला पाहुणा नव्हे, तर शेजारच्या वाडींतला तरुण.

या जिल्ह्याची रचना व्यापारी वर्गास सांगावयास नको. एका बाजूस सह्याद्रि, दुसऱ्या बाजूस समुद्र, व मध्यें खाड्यांनीं चिरलेली अरुंद पट्टी. आगगाडी येण्यापूर्वी गोवळकोटच्या बंदरांतून माल कुंभार्लीनें कराडकडे चढे, राजापुराहून कोल्हापुराकडे जाई, व वेंगुर्लें, जें १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें, तें तर बेळगांवचें दारच होतें. आठ महिने ही दारें उघडीं असत. आषाढ-श्रावणांत समुद्र बंद व घाट बेभरंवशाचा, अशी दोन्हीं एकदम मिटत. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी चालूं झाली, रस्ते रुंद झाले, त्यामुळें हें जुनें सत्य आपण विसरलों. पाऊस मात्र विसरला नाहीं.

ऋतूचा फरक किती पडतो हें दोन प्रसंगांवरून कळून येईल. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उध्वस्त झालें, व घाटाखालील चिपळूणच्या बाजूसही हादरा बसला. संकट घोर खरें, परंतु हिवाळ्याचे दिवस. रस्ते कोरडे, आकाश मोकळें, आणि निराश्रितांस उघड्या माळावर तंबूंत ठेवतां आलें.

याच्या उलट २२ जुलै २०२१ चा दिवस. आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळें खाडीस उधाणाची भरती. वरून धो धो पाऊस. वाशिष्ठी व शिव या नद्यांचें पाणी पहांटेपासून चिपळुणांत शिरलें व बाजारपेठेंत दहा फुटांहून अधिक चढलें. माणसें माळ्यांवर व छपरांवर चढून बसलीं. त्याच सुमारास महामार्गावरील वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला, परशुराम घाटांत दरड कोसळून ती पायथ्याच्या पेढें गांवावर आली, कुंभार्लीची वाट धड राहिली नाहीं, आणि कोंकण रेल्वे चिपळूण व कामथें यांच्या दरम्यान बंद पडून निरनिराळ्या गाड्यांत मिळून सुमारें ६००० उतारू अडकले. इकडे खेड तालुक्यांत पोसरें व तिकडे महाड तालुक्यांत तळीयें येथें घरें दरडीखालीं गेलीं; अर्थात् सुटकेचीं पथकें वांटलीं गेलीं. त्यांत कोरोनाची साथ चालूच होती. अशा वेळीं पुण्यामुंबईस उदारपणाचा पूर आला तरी त्याचा पहिल्या दोन दिवसांत उपयोग काय? ज्याच्या घरीं शेजाऱ्याची होडी पोंचली तो तरला.

येथें आमच्याच मंडळीची एक चूक कबूल केली पाहिजे. एका पावसाळ्यांत आम्हीं पिठाचे व कपड्यांचे दोन टेंपो मोठ्या उत्साहानें रवाना केले; ते उतरवून घेणारा माणूस कोण, माल ठेवावयाची जागा कोठें, याची आधीं खात्री केली नाहीं. घाटमाथ्यावर वाट बंद झाली. गाडीवाले दीड दिवस दरडीच्या छायेंत उभे राहिले, ताडपत्री गळत होती, व पीठ भिजून आंबलें. पिठाचें दुःख थोडें. त्या दोघां चालकांस आम्हीं केवढ्या धोक्यांत उभें केलें होतें हें मागाहून ध्यानांत आलें, तेव्हां मन फार चरकलें.

वाटेचा शेवटचा मैल तर सर्वांत कठीण. कोंकणांतील गांव एका जागीं नसतो. तो दहाबारा वाड्यांत विखुरलेला असतो, व वरच्या वाडीला किंवा धनगरवाड्याला पाखाडीनें चढून जावें लागतें. पन्नास किलोचें पोतें ओल्या पाखाडीवरून एका माणसाला नेववत नाहीं; घसरला तर मदत करणाराच खाटेवर. म्हणून वखारींतच दहा-दहा किलोचीं, आंत प्लास्टिकची पिशवी घातलेलीं गांठोडीं बांधावीं. बांधण्याचा हा खर्च कित्येक दात्यांस व्यर्थ वाटतो, पण तसा तो नाहीं. तसेंच पहिले तीन दिवस कोरडा शिधा देऊं नये. ज्याची चूल वाहून गेली व सरपण भिजलें, त्याला तांदूळ देणें म्हणजे थट्टा होय. प्रथम शिजलेला भात व पिण्याचें पाणी, मग शिधा.

प्रमाणाविषयीं व्यापारी बंधूंस हिशेबच दिलेला बरा. माणशीं रोज ४०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम डाळ व ३० ग्रॅम तेल धरलें, तर ५०० माणसांच्या छावणीस रोज २ क्विंटल तांदूळ, ३० किलो डाळ व १५ किलो तेल लागतें; दहा दिवसांस पन्नास किलोचीं ४० पोतीं तांदूळ झालीं. पाण्याचें प्रमाण मदतकार्यांत माणशीं निदान १५ लिटर धरतात, म्हणजे रोज ७५०० लिटर. धान्याची रक्कम पाहून कोणीही म्हणेल कीं ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे, एक सधन पेढी ती सहज उचलील. अडचण किंमतीची नाहींच. हीं ४० पोतीं २२ जुलैला घाटाच्या कोणत्या बाजूस पडलेलीं आहेत, हा प्रश्न आहे.

१९४३ सालीं कोल्हापुराजवळ वळिवडें येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची छावणी वसविली गेली. तेथें छावणी आधीं बांधली व माणसें मागाहून आलीं; जवळ नदी होती व आगगाडीची सोय होती. पुरांत व दरडींत असा क्रम आपल्या हातीं नसतो. परंतु जागा आधीं नेमून ठेवणें हातीं आहे. २ जुलै २०१९ च्या रात्रीं तिवऱ्याचें धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली. अशा रात्रीं उरलेल्यांनीं कोठें जावें हें आधीं ठरलेलें असलें, तर निदान चालणाऱ्याला दिशा असते.

आतां मदतीस जाणाऱ्यांच्या जिवाविषयीं. पुराच्या चिखलांत हिंडणाऱ्यास लेप्टोस्पायरा या जंतूचा ताप होऊं शकतो. उंदीर व गुरें यांच्या मुतानें दूषित झालेलें पाणी पायाच्या जखमेंतून अंगांत शिरतें. मुंबईस २००५ च्या पुरानंतर या तापाची मोठी साथ आली होती. तेव्हां गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे, व डॉक्टरांच्या सल्ल्यानें आधीं घ्यावयाच्या गोळ्या यांवाचून कोणासही गाळ उपसावयास पाठवूं नये. वीजमंडळाच्या माणसानें तार मेली म्हणून सांगितल्याखेरीज पाण्यांत उतरूं नये. अंधार पडल्यावर घाटांत गाडी घालूं नये, मग खालून कितीही निकडीचा निरोप येवो. दोघांनीं मिळून जावें, व निघण्याची आणि परतण्याची वेळ वहींत लिहून जावें; मोबाईलचे मनोरे पुरांत बंद पडतात, वही बंद पडत नाहीं.

गर्दीचें भय वेगळें. भुकेलेला मनुष्य दुष्ट नसतो, पण आपल्याला उरेल कीं नाहीं या शंकेनें तो पुढें रेटतो, व म्हातारीं माणसें चेंगरतात. माल मोजून झाल्याशिवाय वांटपाची हांक देऊं नये. वाडीवार यादी गांवच्याच दोन-तीन प्रौढ स्त्रियांकडून करवावी. कोणाकडे खरोखर चूल पेटली नाहीं हें त्यांना जितकें ठाऊक असतें तितकें सरपंचालाही नसतें. १८७६ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून ती छापून प्रसिद्ध केली. ती रीत अद्यापि जुनी झालेली नाहीं. आधीं माहिती, मग माल. वांटतांना छायाचित्रें काढण्याचा हव्यास तर सोडूनच द्यावा. त्यानें रांग खोळंबते आणि घेणाराची मान खालीं जाते.

या सर्वांवरून आमची मागणी नेहमींपेक्षां वेगळी आहे. जुने कपडे कृपा करून पाठवूं नयेत. ते निवडण्यांत हात गुंततात व शेवटीं त्यांचे ढीग पावसांत कुजतात. जमीनदार मंडळींनीं घाटाच्या खालच्या बाजूस, पूररेषेच्या वर, एक कोरडी खोली व तिची किल्ली चार महिन्यांपुरती द्यावी. अडत्यांनीं चाळीस पोतीं आपल्याच गोदामांत आमच्या नांवें बाजूस ठेवावीं, व संकट न आल्यास गौरी-गणपतीनंतर तीं खुशाल विकावीं. भावांतला फरक फंड भरून देईल. ज्यांच्या होड्या १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदींत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांच्याशीं डिझेल व मजुरीचा ठराव आधींच करावयाचा आहे, व त्याकरितां रोख रक्कम हवी. जाणाऱ्या तरुणांचा विमा उतरविण्यासही ती लागेल. हें सर्व मिरगापूर्वीं झालें पाहिजे. खोल्या व पोतीं यांची नोंद चिटणिसांकडे वैशाखअखेर करावी.