पट्ट्यांचें वाद्य आणि डावा हात

वऱ्हाडांत लग्नाचा हंगाम सुरू झाला कीं अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या बाजारपेठेपर्यंत एक सुरावली हटकून कानीं पडते. वरातीच्या गाडीवर बसलेला वादक ‘नागिन’ची बीन वाजवूं लागतो, आणि कालपर्यंत गंभीरपणें वावरणारे मामा व काका तोंडांत रुमाल धरून भर रस्त्यांत डोलूं लागतात. ही बीन मूळ कोणत्या वाद्यावर वाजविली गेली, असें वर्गांत विचारल्यास बहुतेक मुलें “गारुड्याच्या पुंगीवर” असें उत्तर देतात. हें उत्तर चुकीचें आहे. तें कां चुकीचें आहे हें नीट समजल्यास पट्ट्यांच्या वाद्यावर भावपूर्ण एकलवादन कसें होतें, याचें मर्म हातीं लागतें. म्हणून आरंभ तेथूनच करूं.

‘नागिन’ हा हिंदी चित्रपट १९५४ सालीं प्रदर्शित झाला. त्याचे संगीतदिग्दर्शक हेमंतकुमार. त्यांतील बीन वाजविली ती कल्याणजी वीरजी शहा यांनीं. पुढें कल्याणजी-आनंदजी या जोडीच्या रूपानें प्रसिद्धीस आलेले तेच हे कल्याणजी. संगीतकार रवि यांच्या पेटीचीही त्यांना जोड होती. कल्याणजींच्या हाताखालीं असलेल्या वाद्याचें नांव क्लॅव्हिओलिन. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनीं १९४७ च्या सुमारास तें तयार केलें. विजेवर चालणारें हें लहानसें वाद्य एका वेळीं एकच सूर देई. सुराचा रंग बदलण्यासाठीं त्यास खटके होते, सुरास कंप देण्याची सोय होती, आणि आवाज लहानमोठा करण्यासाठीं गुडघ्यानें रेटावयाची एक दांडी होती. ज्यांस आज आपण सिंथेसायझर म्हणतों, त्यांच्या पूर्वजांपैकीं हें एक. (आमच्याकडे अशा सर्वच वाद्यांस, तीं कोणत्याही कारखान्याचीं असोत, ‘कॅसिओ’ म्हणण्याची रीत पडली आहे, पण तो केवळ एका कारखान्याचा शिक्का होय.)

आतां प्रश्न असा उरतो कीं, पट्ट्यांच्या वाद्यांतून पुंगी निघाली कशी? कारण अशा वाद्यांवर जुना आरोपच असा आहे कीं, त्यांत मींड नाहीं. गायकाचा गळा षड्जावरून ऋषभावर जातांना मधल्या सर्व स्थानांस स्पर्श करीत जातो. सारंगीवर सरकणारें नख किंवा सतारीची तार ओढणारें बोट तेंच करितें. पेटींत मात्र प्रत्येक पट्टीमागें पितळेची एक जीभ कायमची बसविलेली असते. एक तर षड्जाची जीभ बोलते, नाहीं तर ऋषभाची. दोहोंच्या मध्यें कांहींच नाहीं. ओढ्यांत दोन दगड आहेत, पण पूल नाहीं, अशी ही स्थिति. शिवाय ज्या पद्धतीनें हल्लीं पट्ट्या जुळवितात तींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. अशा एका भागाचे १०० अंश मानल्यास पट्टीचा शुद्ध गंधार ४०० अंशांवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जांतून आपोआप उमटणारा गंधार मात्र सुमारें ३८६ अंशांवर असतो. चौदा अंश म्हणजे फार नव्हेत, परंतु ज्याचा कान तयार झाला त्यास ते खुपतात. अशाच आक्षेपांमुळें आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीला आपल्या केंद्रांतून बाहेर घालविलें, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें.

महाराष्ट्रानें मात्र पेटी टाकली नाहीं. गोविंदराव टेंबे यांनीं भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ तिच्यावर केली आणि तिच्या एकलवादनासही मैफलींत मान मिळवून दिला. पी. मधुकरांचें नांव पेटीशींच जोडलेलें आहे. आपल्या विदर्भांतील नागपूरचे मनोहर चिमोटे यांनीं तर पेटीस ‘संवादिनी’ असें नांव देऊन केवळ एकलवादनासाठीं तिला वाढविलें. या थोर वादकांनीं न सांपडणारी मींड कशी भासविली? उजव्या हातानें मुख्य सुराच्या आधीं शेजारच्या सुराचा निसटता कण लावून, एक पट्टी सुटण्यापूर्वींच दुसरी दाबून. आणि, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें, डाव्या हातानें भाता आवरून. भात्याचा दाब क्षणभर कमी होऊन पुन्हां भरला कीं सूर श्वास घेतल्यासारखा वाटतो. उजवा हात सूर देतो, डावा हात त्या सुरास प्राण देतो. कल्याणजींच्या क्लॅव्हिओलिनांत सूर वांकविण्याचें चक्र नव्हतें. तेथें डाव्या हाताचें काम गुडघा करी, आणि द्रुत कण व न तुटणारा सूर यांनीं कानाची अशी फसवणूक होई कीं आजही मुलें पुंगीच समजतात.

डाव्या हातास खरें राज्य मिळालें तें १९७० सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांच्या कारखान्यानें ‘मिनीमूग’ हा सिंथेसायझर बाजारांत आणला. आमच्या मतें एकलवादनासाठीं याहून गोड वाद्य अद्याप झालें नाहीं. त्यास पट्ट्या अवघ्या ४४, आणि एका वेळीं सूर एकच. आठ-आठ, सोळा-सोळा सूर एकदम देणाऱ्या आजच्या वाद्यांपुढें ही उणीव वाटेल. पण मनुष्याच्या गळ्यांतूनही एका वेळीं एकच सूर निघतो. पट्ट्यांच्या डाव्या बाजूस दोन चक्रें बसविलेलीं. एक पुढें लोटलें कीं चालूं असलेला सूर चढतो, मागें ओढलें कीं उतरतो. दुसऱ्यानें सुरास कंप मिळतो. सूर वांकविण्याचें चक्र सोडल्यावर आपोआप मध्यावर येत नसे; वादकास तें कानानें परत आणावें लागे. ओढ्यावर पूल झाला तो येथें. १९७१ सालीं न्यूयॉर्क येथें स्थापन झालेल्या ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ या वाद्यवृंदांत यान हॅमर हा वादक याच चक्राच्या जोरावर गिटारच्या ओढलेल्या तारेशीं सवाल-जबाब करी. त्याच दशकांत मुंबईच्या चित्रपटसंगीतांत कर्सी लॉर्ड या पारशी वादकानें मिनीमूग वाजविला. ‘आराधना’ (१९६९) मधील गाजलेल्या एका गीतांतील अ‍ॅकॉर्डियन त्यांचाच. भात्याचा हात चक्रावर गेला, इतकेंच.

मुंबईचेच चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तींत त्यांनीं रोलँड कारखान्याचीं तीन वाद्यें योजिलीं: मुख्य सुरावटीस ज्युपिटर-८, तालास टीआर-८०८, आणि खर्जासाठीं टीबी-३०३. यांपैकीं शेवटच्या यंत्रांत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे; ती वस्तुतः पाश्चात्य बास गिटारच्या अनुकरणासाठीं केलेली, परंतु रागांस ती फार मानवली. पुढल्या वर्षीं आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ मध्यें पट्टी किती जोरानें दाबली हें वाद्यास कळूं लागलें, आणि तोंडानें फुंकून आवाज भरण्याची नळीही त्यास जोडतां येई. हल्लीं तर ज्यास पट्ट्याच नाहींत असें ‘कंटिन्युअम’ नांवाचें वाद्य निघालें आहे. अमेरिकेंतील लिपोल्ड हाकेन यांनीं तें घडविलें व ए. आर. रहमान तें वाजवितात. मऊ पृष्ठावर बोट सरकविलें कीं मींड मिळते, पण किंमत ऐकून आम्ही त्याचा विचार सोडला.

येथें आमचा एक दोष आम्हांस कबूल केला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलानें स्नेहसंमेलनांत सिंथेसायझरवर एक भावगीत वाजविलें. त्याच्या वडिलांनीं कापूस विकून आलेल्या पैशांतून तें वाद्य घेतलें होतें. मुलगा अंतऱ्यावर आला आणि त्याचा डावा हात चक्रावर गेला. सूर थोडा अधिकच चढला, सभागृहांत हशा पिकला. परीक्षक या नात्यानें आम्ही उभे राहून म्हणालों कीं, यंत्राचा सूर वांकवून त्यांत जीव येत नसतो, मुलांनीं आधीं पेटी शिकावी. टाळ्या पडल्या. मुलगा खालीं बसला आणि त्यानंतर शाळेंत त्यानें कधीं वाजविलें नाहीं.

पुढें दोन वर्षांनीं मूर्तिजापुरास एका लग्नास गेलों असतां वरातीच्या गाडीवरील वादकास आम्ही फार जवळून पाहिलें. विहिणीची पाठवणी होती. गाण्याच्या शेवटच्या ओळींत तो कोमल गंधारावर थांबला आणि डाव्या हाताच्या आंगठ्यानें चक्र इतकें सावकाश खालीं आणलें कीं, सूर ऋषभावर केव्हां टेकला तें कळलें नाहीं. मुलीची आई तोंड फिरवून उभी राहिली. त्या वादकास पेटी येत नव्हती, आम्ही विचारिलें. घरीं परतल्यावर त्या मुलाकडे गेलों. वाद्य विकलें होतें. कारण त्यानें परीक्षेचें सांगितलें.

तेव्हां ज्या पालकांस मुलासाठीं असें वाद्य घ्यावयाचें आहे, त्यांनीं दुकानांत काय पाहावें तें सांगतों. शेंकडों आवाज व ताल दाखवून दुकानदार भुलवितो. त्यांकडे लक्ष देऊं नये. पट्ट्या पूर्ण आकाराच्या व निदान ६१ असाव्यात. हळू दाबल्यास हळू व जोरानें दाबल्यास मोठा आवाज निघतो कीं नाहीं, तें स्वतः दाबून पाहावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे डाव्या बाजूस सूर वांकविण्याचें चक्र किंवा दांडी असलीच पाहिजे. अगदीं लहान, खेळण्यासारख्या वाद्यांत ती बहुधा नसते, आणि मग वाद्य कितीही स्वस्त मिळालें तरी पैसे वायां जातात. यामाहाच्या वाद्यांत बहुधा चक्र असतें. रोलँडच्या अनेक वाद्यांत एकच दांडी आडवी हलविल्यास सूर वांकतो व पुढें लोटल्यास कंप येतो. आम्हांस चक्र बरें वाटतें, कारण आंगठा त्यावर विसांवतो. पण ही संवयीची गोष्ट आहे. चांगल्या स्थितींतील जुनें वाद्य घेण्यास हरकत नाहीं, मात्र चक्र मधोमध सोडल्यावर सूर मूळ जागीं परत येतो कीं नाहीं हें पेटीशीं ताडून घ्यावें.

अभ्यासाची रीतही थोडक्यांत सांगतों. बहुतेक वाद्यांत चक्र पूर्ण लोटल्यास सूर दोन पट्ट्या, म्हणजे एक पूर्ण स्वर चढतो. षड्ज दाबून धरावा व चक्र पुढें न्यावें. शेवटीं ऋषभ यावयास हवा. मग उजव्या हातानें ऋषभाची पट्टी दाबून दोन्ही जुळतात कीं नाहीं तें ऐकावें. हें रोज दहा मिनिटें, आणि घाई न करितां. नंतर तीच मींड प्रथम गळ्यानें गाऊन मग चक्रावर काढावी. जी गातां येत नाहीं ती वाजविण्याच्या भरीस पडूं नये. कंपाचें चक्र सूर लागल्यावर थोड्या वेळानें पुढें न्यावें, कारण गायकही सूर आधीं स्थिर धरतो आणि मग डोलवितो. आरंभापासूनच कंप दिल्यास सूर थंडीनें कुडकुडल्यासारखा ऐकूं येतो. शिवाय वाद्यावर ‘मोनो’ अशी निवड असल्यास एकलवादनासाठीं तीच ठेवावी.

तो मुलगा आतां अकोल्यास तंत्रशिक्षण घेत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत तो भेटावयास आला, तेव्हां आम्हीं त्यास शाळेच्या संगीतकक्षांत नेलें. तेथें आतां एक जुना सिंथेसायझर आहे. वाजीव म्हणण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं; आम्हीच बसलों व मूर्तिजापुरास ऐकलेली ती कोमल गंधाराची जागा काढूं लागलों. त्यानें तीन-चार वेळां ऐकून घेतलें. मग उभ्यानेंच हात पुढें करून आमच्या आंगठ्यावर आपला आंगठा ठेविला आणि म्हणाला, “सर, तुम्ही चाक लवकर सोडता.”