बंदिवान मुलीचें धैर्य
(शब्बाथशाळेचे शिक्षक, उपदेशकबंधु व आईबाप यांच्यासाठीं एक पाठ)

शास्त्रपाठ : २ राजे ५:१-२७. ताडून पाहावें : लूक ४:२७; मत्तय २०:२५-२८.

मुलांस धैर्याविषयीं शिकवावयाचें म्हटलें म्हणजे शिक्षक बहुधा दावीद व गल्याथ यांची गोष्ट काढितात. ती गोष्ट चांगली आहे आणि मुलांस आवडतेही. परंतु आपल्या खेड्यांतील मुलांच्या वाट्यास गल्याथ क्वचितच येतो. त्यांच्या वाट्यास निराळे प्रसंग येतात. दुकानदारानें चुकून पैसे जास्त परत दिले. शाळेंत एका मुलाला सगळे चिडवितात व त्याच्या शेजारीं कोणी बसत नाहीं. घरांत भांडें फुटलें आणि आळ धाकट्यावर आला. अशा वेळीं गोफणीचा उपयोग होत नाहीं. तेथें खरें बोलावयाचें व दुसऱ्याच्या उपयोगीं पडावयाचें धैर्य लागतें. तें कसें असतें हें दाखविणारी एक लहान मुलगी पवित्र शास्त्रांत आहे. तिचाच पाठ आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

१. मुलीचें एक वाक्य

अरामी टोळ्यांनीं इस्राएल देशांतून जीं माणसें धरून नेलीं त्यांत ही मुलगी होती. तिचें नांव शास्त्रांत दिलेलें नाहीं. गांव नाहीं, वय नाहीं, आईबापांचीं नांवेंही नाहींत. अरामाच्या राजाचा सेनापति नामान याच्या बायकोची ती दासी झाली. धन्यास कोड आहे हें तिनें पाहिलें, आणि शोमरोनांतील संदेष्ट्याकडे धनी गेले तर बरे होतील, असें ती धनिणीस म्हणाली. सबंध अध्यायांत तिचें बोलणें एवढेंच आहे.

शिक्षकानें येथें थांबून मुलांस विचारावें कीं, ती गप्प बसली असती तर तिचें काय बिघडलें असतें? कांहींच नाहीं. ज्या सैन्यानें तिला घरापासून तोडिलें त्याचाच हा मुख्य. त्याचा रोग वाढतांना पाहून तिला मनांतून बरें वाटलें असतें तरी जगानें तिला दोष दिला नसता. उलट बोलण्यांतच धोका होता. एवढा लांबचा प्रवास करून धनी बरा न होतां परत आला असता तर त्या दासीची काय गत झाली असती?

शिवाय लूक ४:२७ येथें प्रभु येशूनें जें सांगितलें आहे तें लक्षांत घ्यावें. अलीशाच्या काळीं इस्राएलांत कोडी पुष्कळ होते, परंतु नामानाखेरीज त्यांतील कोणी शुद्ध झाला नाहीं. म्हणजे संदेष्ट्यानें कोडी बरा केल्याचें या मुलीनें कधीं पाहिलेंही नव्हतें. देवाविषयीं तिला घरीं जें शिकविलें होतें त्याच्याच आधारावर ती बोलली.

तिला शिकविणाऱ्या आईबापांस पुढें काय झालें हें कळलें असेल असें दिसत नाहीं. आपलें शिकविणें फुकट गेलें असेंच त्यांस वाटलें असेल. आपलींही मुलें वसतिगृहांत, शहरांत, परक्या लोकांच्या चाकरीस जातात. तेथें आईबाप बरोबर जात नाहींत. लहानपणीं चुलीपाशीं बसून मनांत जें पेरिलें असेल तेंच त्यांच्याबरोबर जातें.

हा पाठ शिकवितांना एक काळजी घ्यावी. शास्त्रांत ज्यास कोड म्हटलें आहे त्यांत त्वचेचे अनेक रोग मोडत असत. आपल्या काळीं कुष्ठरोग औषधोपचारानें पूर्ण बरा होतो. अशा रोग्याविषयीं मुलांच्या मनांत किळस अथवा भीति उत्पन्न होईल असें कांहीं बोलूं नये.

२. चाकरांची रीत

नामान दहा किक्कार रुपें, सहा हजार शेकेल सोनें व दहा पोशाख बरोबर घेऊन निघाला. अरामाच्या राजाचें पत्र वाचून इस्राएलाचा राजा घाबरला व त्यानें आपलीं वस्त्रें फाडिलीं. जें राजास ठाऊक नव्हतें तें एका बंदिवान पोरीस ठाऊक होतें! पुढें अलीशानें यार्देनेंत सात वेळां बुडी मारण्याचा निरोप पाठविला, तेव्हां नामानास मोठा राग आला. आपल्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत, असें म्हणून तो परत फिरला.

अशा रागावलेल्या धन्यापुढें जाण्यास कोण धजेल? परंतु त्याचे चाकर जवळ गेले. त्यांनीं त्यास बाप म्हणून हाक मारिली आणि विचारिलें कीं, संदेष्ट्यानें कांहीं अवघड सांगितलें असतें तर आपण तें केलें नसतें काय? मग हें सोपें काम कां करूं नये?

कित्येक मुलांस वाटतें कीं, मोठ्यांस उलट उत्तर देणें हेंच धैर्य होय. आणि कित्येक आईबापांस वाटतें कीं, मुलास धैर्य शिकविलें तर तें उद्धट होईल. दोघांनींही तेरावें वचन पाहावें. चाकरांच्या बोलण्यांत सत्य होतें, मान होता आणि धन्याच्या हिताची कळकळ होती. या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या म्हणजे लहान माणसाचेंही बोलणें मोठ्यास ऐकावेंसें वाटतें.

३. गेहजी कोठें चुकला

या अध्यायांत एक मनुष्य सर्वांहून अधिक शिकलेला होता. तो अलीशाचा सेवक गेहजी. तो संदेष्ट्याच्या घरीं राहत असे व प्रार्थना रोज त्याच्या कानांवर पडत असे. अलीशानें कांहीं घेतलें नाहीं हें पाहून तो नामानामागें धांवला, खोटें बोलला, आणि दोन किक्कार रुपें व दोन पोशाख घेऊन आला. मग धन्यानें विचारिलें तेव्हां दुसऱ्यांदा खोटें बोलला. पहिलें खोटें लोभानें बोलविलें, दुसरें भीतीनें.

परक्या देशांत धरून नेलेली मुलगी सत्यास धरून राहिली, आणि देवाच्या मनुष्याच्या उंबरठ्याशीं राहणारा घसरला. पाळकांच्या व उपदेशकांच्या घरांतील मुलांनीं हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. मंडळीजवळ राहिल्यानें सत्य आपोआप अंगीं येत नाहीं.

गेहजी कसा घडतो तेंही पाहूं. उसने पैसे मागावयास मनुष्य दारीं येतो. बाप आंतल्या खोलींत बसतो आणि मुलास सांगतो, ‘जा, बाबा घरीं नाहींत म्हणून सांग.’ मूल जातें व तसें सांगतें. त्या दिवशीं तें दोन गोष्टी शिकतें : अडचण आली कीं खोटें चालतें, आणि खोटें बोलण्यास मोठी माणसें लहानांस पुढें करितात. रविवारीं शिकविलेल्या दहा पाठांनीं हें पुसलें जाणें कठीण. त्यापेक्षां बापानें स्वतः बाहेर यावें आणि मुलादेखत म्हणावें, ‘आज पैसे जमले नाहींत. सुगीला देईन.’ दोन कठोर शब्द ऐकावे लागतील, लाजही वाटेल. परंतु आपला बाप खरें बोलण्यास भ्याला नाहीं हें मुलाच्या डोळ्यांपुढें जन्मभर राहील.

४. आपल्या देशांतील एक उदाहरण

पंडिता रमाबाई यांचे आईबाप इ. स. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत मरण पावले. त्या वेळीं त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढें इ. स. १८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या व अन्नावांचून मरणाऱ्या मुलींस व विधवांस घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें त्यांनीं मुक्तिसदन उभें केलें. इ. स. १९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हांही तेथील पुष्कळ मुलींस मुक्तिसदनांत आसरा मिळाला. जिनें स्वतः भूक सोसली तिला दुसऱ्याची भूक दिसली. नामानाच्या घरच्या मुलीप्रमाणेंच दुःखानें तिचें मन कठोर झालें नाहीं.

त्याच इ. स. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळांत बायकांची जी आबाळ होत होती तिच्याविषयीं रमाबाईंनीं ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रांत उघडपणें लिहिलें. सरकारनें त्यांचें म्हणणें मान्य केलें नाहीं. परंतु ज्यांस बोलतां येत नव्हतें त्यांच्यासाठीं त्या बोलल्या. सेवा व सत्य हीं दोन्ही एकाच हृदयांत कशीं नांदतात हें मुलांस यावरून दाखवितां येईल.

५. शिकविण्याची रीत

पहिली गोष्ट, जें मूल आपण होऊन खरें सांगतें त्यास त्या खरेपणाबद्दल मार बसूं नये. घागर फुटली असेल तर नुकसान भरून काढण्यास त्यास कांहीं काम द्यावें. परंतु खरें सांगितल्याबद्दल आधीं शाबासकी द्यावी. खरें बोलून मार व खोटें बोलून सुटका असा अनुभव आला तर मूल काय निवडील हें सांगावयास नको.

दुसरी, प्रत्येक मुलास सेवेचें एक ठराविक काम द्यावें. शेजारच्या म्हाताऱ्या आजीस पाण्याची कळशी भरून देणें, आजारी सोबत्यास शाळेंतला धडा सांगणें, उपासनेपूर्वीं मंदिर झाडणें. काम लहान असावें, पण दर आठवड्यास तेंच त्यानेंच करावें. आणि जें काम इतर मुलें हलकें समजतात तें शिक्षकानें प्रथम स्वतः करून दाखवावें.

तिसरी, कोठें एकट्यानें उभें राहावें व कोठें मोठ्यांस हाक मारावी हें मुलांस समजावून द्यावें. कोणी मोठें माणूस मारहाण करीत असेल, वाईट वागवीत असेल, किंवा ‘हें कोणास सांगूं नकोस’ असें धमकावीत असेल, तर विश्वासू माणसास जाऊन सांगणें हेंच त्या ठिकाणीं धैर्य होय. मुलगीदेखील आपल्या धनिणीशीं बोलली. एकटी शोमरोनास निघाली नाहीं. आणि मूल सांगावयास आलें तर मोठ्यांनीं ऐकून घेतलें पाहिजे. धनिणीनें ऐकलें नसतें तर नामान घरींच राहिला असता.

चौथी, खरें बोलल्यानें नेहमीं बक्षीस मिळतें असें मुलांस सांगूं नये. कित्येक शिक्षक गोष्टीच्या शेवटीं, नामानानें त्या मुलीस सोडून दिलें, असें आपल्या पदरचें घालतात. शास्त्रांत तसें नाहीं. नामान बरा झाला, त्यानें देवास ओळखिलें, अलीशास देणग्या देऊं केल्या. मुलीचा मात्र पुन्हां उल्लेख नाहीं. ती घरीं परतली कीं दासीच राहिली हें देवास ठाऊक. मुलांस हें जसेंच्या तसें सांगावें. तीं विचारांत पडतील, आणि पडूं द्यावींत. आपल्या हातून कोणाचें भलें झालें व आपलें नांव कोणी घेतलें नाहीं, असें त्यांच्याही आयुष्यांत घडेल. तेव्हां ही मुलगी त्यांस आठवावी.

मुलांस विचारावयाचे प्रश्न

१. मुलीनें धनिणीस काय सांगितलें? तें सांगण्यांत तिला कोणता धोका होता?
२. रागावलेल्या नामानाशीं चाकर कसे बोलले? तूं आपल्या वडिलांशीं तसें बोलून दाखव.
३. गेहजी किती वेळां खोटें बोलला? पहिल्यानंतर दुसरें कां बोलावें लागलें?
४. मुलीस काय बक्षीस मिळालें?
५. या आठवड्यांत तूं कोणाच्या उपयोगीं पडशील? त्याचें नांव मनांत ठरव.

पुढल्या रविवारीं पांचव्या प्रश्नाचें उत्तर सर्वांसमक्ष विचारूं नये. नाहीं तर मुलें शाबासकीसाठीं सेवा करावयास शिकतील. शिक्षकानें एकेकास जवळ घेऊन हळूच विचारावें, त्याच्याबरोबर दोन शब्दांची प्रार्थना करावी, आणि ज्यानें केलें नसेल त्यास न रागावतां म्हणावें कीं, हा आठवडा अजून पुढें आहे.