फोनमधले उत्तर आणि शेजारचा माणूस
(तरुण वर्ग, पालक व संडे स्कूलचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा उद्देश : एच.आय.व्ही.चा प्रतिबंध आणि लैंगिक आरोग्य यांविषयी मोबाईलवरील ॲपमधून काय शिकता येते, कोणते ॲप विश्वासाचे समजावे, आणि ॲपचे काम जेथे संपते तेथून आपले काम कसे सुरू होते, हे समजून घेणे.

वर्ग : सोळा वर्षांवरील मुले-मुली. पालकांनी हा पाठ आधी वाचावा.

१. एक चिठ्ठी

आमच्या तरुण संघात एकदा आम्ही प्रश्नपेटी ठेवली होती. नाव न लिहिता कोणीही प्रश्न टाकावा, असे सांगितले होते. परीक्षा, नोकरी, लग्न यांविषयी बऱ्याच चिठ्ठ्या आल्या. त्यांत एक चिठ्ठी होती : "एच.आय.व्ही.ची तपासणी करायची असेल तर नाव सांगावे लागते काय? घरी कळते काय?"

ती चिठ्ठी आम्ही घडी घालून खिशात ठेवली आणि वेळ संपली असे सांगून वर्ग सोडला. खरे कारण असे की, उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते, आणि वर्गासमोर तो शब्द उच्चारण्याचा संकोचही वाटला. ज्या कोणी ती चिठ्ठी लिहिली, त्याने किंवा तिने वर्गाच्या शेवटापर्यंत वाट पाहिली असेल. नंतर उत्तर कोठे शोधले असेल? बहुधा फोनवरच. मग तेथे काय सापडते, हे पाहणे आमचे कर्तव्य ठरले. या पाठाचा उगम त्या चिठ्ठीत आहे.

२. प्रश्न फोनकडे का जातो

भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास येथे उघडकीस आला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ साली स्थापन झाली. पुढे शाळांतून किशोरवयीनांना या विषयाचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम निघाला. परंतु २००७ साली महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा राज्यांतून त्यास विरोध होऊन तो थांबविण्यात आला. आपले बरेच वाचक याच राज्यांत राहतात. त्या वेळी शाळेत असलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांना जे कोणी सांगितले नाही, ते त्यांनी मुलांना कसे सांगावे?

मोबाईलचा उपयोग या कामी करण्याचा विचार मात्र जुना आहे. १ डिसेंबर २००५ या जागतिक एड्स दिनी दिल्लीच्या झेड.एम.क्यू. या संस्थेने साध्या फोनवर खेळता येतील असे खेळ काढले. त्यांतील एकाचे नाव 'सेफ्टी क्रिकेट' असे होते. पुढे राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली 'साथिया सलाह' हे ॲप किशोरवयीनांसाठी आणले. नॅकोनेही आपले ॲप काढले आणि त्यात माहितीबरोबर जवळचे तपासणी केंद्र शोधण्याची सोय ठेवली.

फोन तोंडाकडे पाहत नाही, भुवया उंचावत नाही, आणि आईला जाऊन सांगणार नाही असे मुलांना वाटते. त्याचे मोल यात आहे. आपल्याला जे जमले नाही ते त्याने केले, हे आपण प्रथम प्रामाणिकपणे कबूल करू या.

३. चांगल्या ॲपने काय शिकवावे

पुढील गोष्टी शिक्षकाने स्वतः पक्क्या कराव्यात, म्हणजे ॲपमधील मजकूर ताडून पाहता येईल.

एच.आय.व्ही. असुरक्षित लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून, एकाने वापरलेली सुई दुसऱ्याने वापरल्याने, आणि आईकडून बाळाला गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून होऊ शकतो. हात मिळविल्याने, एका पंगतीत जेवल्याने, डास चावल्याने तो होत नाही. प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून प्यायल्यानेही होत नाही. ही शंका मनात ठेवून मागच्या बाकावर बसणारे लोक आहेत, म्हणून ती वर्गात मोठ्याने बोलावी.

निरोधचा योग्य वापर केल्यास संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो. धोका घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, डॉक्टरांकडे जावे. २८ दिवसांच्या औषधाने संसर्ग टाळता येण्याचा संभव असतो. संसर्गानंतर लगेच केलेल्या तपासणीत तो दिसेलच असे नाही. म्हणून समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात.

संसर्ग झाला म्हणजे आयुष्य संपले, ही समजूत जुनी झाली. सरकारी केंद्रांतून २००४ सालापासून औषधे विनामूल्य मिळतात. ती रोज न चुकता घेणारा माणूस दीर्घकाळ काम करू शकतो, संसार करू शकतो. औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत दिसणार नाहीत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदारास संसर्ग होत नाही. बाधित आईने वेळेवर उपचार घेतल्यास बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली आणता येते.

४. ॲप पारखण्याचे पाच प्रश्न

(१) हे ॲप कोणाचे? सरकारी खाते, रुग्णालय किंवा ओळखीची आरोग्य संस्था यांचे नाव स्पष्ट लिहिलेले असावे.
(२) मजकूर केव्हा सुधारला? या विषयातील उपचार बदलत आले आहेत. जुनी माहिती नुसती भीती वाढविते.
(३) ते काही विकते काय? "सात दिवसांत खात्रीने बरे" असे म्हणणारे ॲप तत्काळ काढून टाकावे. एच.आय.व्ही. शरीरातून नाहीसा करणारी गोळी बाजारात नाही.
(४) ते काय मागते? माहिती वाचण्यासाठी तुमचे नाव, फोनमधील सर्वांचे नंबर किंवा फोटो यांची गरज नाही. मागितल्यास नकार द्यावा.
(५) ते पुढची वाट दाखविते काय? तपासणी केंद्राचा पत्ता किंवा १०९७ हा नॅकोचा विनामूल्य मदतक्रमांक तेथे असावा.

५. गुप्ततेची राखण

चौथा प्रश्न आम्ही का घातला, हे दोन घटनांवरून समजेल.

पहिली गोव्यातील आहे. डॉमिनिक डिसोझा हे तरुण गृहस्थ नेमाने रक्तदान करीत. त्या रक्ताच्या तपासणीत एच.आय.व्ही. आढळला, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांना घरून नेले. क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत त्यांना ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९२ साली त्यांचे निधन झाले. एका चांगल्या कामासाठी दिलेल्या रक्ताची माहिती नको त्या हातांत गेली आणि माणूस कैदी झाला.

दुसरी घटना फोनची. ग्राइंडर या ओळखी जुळविण्याच्या ॲपवर लोक आपली एच.आय.व्ही.ची स्थिती नोंदवीत. ती माहिती बाहेरच्या दोन कंपन्यांना दिली जात होती, असे २०१८ साली उघड झाले. गवगवा झाल्यावर कंपनीने ते बंद करण्याचे सांगितले. गोव्यात पोलीस दारात आले होते. येथे दार न वाजताच माहिती बाहेर गेली.

आज कायदा बाधितांच्या बाजूस आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करणे, कोणाची स्थिती उघड करणे, नोकरीत वा शिक्षणात भेदभाव करणे यांस मनाई आहे. परंतु घरातल्या एकाच फोनवर चौघे बोटे फिरवीत असतील, तर तेथे कायदा काय करणार? तेव्हा फोनला कुलूप लावावे, ॲपची सूचना पडद्यावर उमटणार नाही अशी व्यवस्था करावी, आणि तपासणीच्या कागदाचा फोटो कोणालाही, "प्रार्थनेसाठी" म्हणूनसुद्धा, पाठवू नये. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एकदा गेलेले नाव परत घेता येत नाही.

६. ॲप जेथे थांबते

आता त्या चिठ्ठीचे उत्तर. सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात तपासणी विनामूल्य होते. केंद्र नोंद ठेवते, पण ती गुप्त राखणे त्यांना बंधनकारक आहे. तपासणीपूर्वी व नंतर समुपदेशक बोलतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्याची स्वतःची संमती पुरते. त्याखालील वयास पालकाची संमती लागते.

हे सारे फोन सांगू शकेल. पण केंद्राच्या बाकावर नंबर लागेपर्यंत बसावे लागते, तेव्हा फोन शेजारी बसत नाही. अहवाल हाती आल्यावर पाय कापू लागले तर तो चहा आणून देत नाही. तेथे माणूस लागतो : मोठी बहीण, मामा, पाळक, किंवा ज्याने चिठ्ठी खिशात घातली तो शिक्षक.

शिक्षकांसाठी : पाठापूर्वी ॲप स्वतः उघडून वाचावे. मुले व मुली यांचे वर्ग वेगळे घेतल्यास प्रश्न मोकळेपणाने येतात. कोणाचा फोन मागून पाहू नये. उत्तर येत नसेल तर "पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणावे, आणि खरोखर सांगावे. एक गोष्ट मात्र गुप्त ठेवायची नसते : अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांस कळविणे आवश्यक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या भागातील तपासणी केंद्र कोठे आहे? वर्गातील किती जणांना ते ठाऊक आहे?
२. वरील पाच प्रश्न लावून एक ॲप पारखा. ते कोठे कमी पडले?
३. आपल्या मंडळीत एखाद्याने ही गोष्ट विश्वासाने सांगितली, तर ती किती जणांपर्यंत जाईल? ती पुढे न जावी यासाठी आपण काय करू?

आमची ती चिठ्ठी अजून जपून ठेवलेली आहे. ती लिहिणारी व्यक्ती हा पाठ वाचीत असेल, तर उत्तरास उशीर झाला याबद्दल आम्हांला क्षमा करावी. सोबत हवी असेल, तर आम्ही येऊ.