मृत्यूनंतर काय? नामदेवांच्या पायरीपाशी एक विचार

श्रीक्षेत्र नरसी नामदेव येथे येणारे पुष्कळ भाविक अन्नदानाची पावती आपल्या दिवंगत आप्तांच्या नावे करतात. अशीच एक पावती लिहीत असताना एका गृहस्थांनी विचारले, “साहेब, हे वडिलांना खरोखर पोहोचते का हो?” प्रश्नात उपहास नव्हता. वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या वेळी मी पावतीपुरतेच बोललो. राहून गेलेले येथे मांडतो.

अशी शंका घेणे हे पाप नव्हे. कठोपनिषदातील बालक नचिकेत हीच शंका प्रत्यक्ष यमधर्मापुढे मांडतो. यम त्याला गाई, हत्ती, सुवर्ण, दीर्घायुष्य सर्व देऊ करतो. मुलगा प्रश्न सोडत नाही. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात तर जाबाली रामचंद्रांना रोखठोक सांगतो की, श्राद्धात एकाने जेवलेले अन्न दुसऱ्याच्या देहाला मिळत असेल, तर प्रवाशाच्या नावेही घरीच श्राद्ध करावे, शिदोरी बांधून देण्याचे कारण काय? रामचंद्रांनी हे मत नाकारले. पण ग्रंथात ते आजही वाचावयास मिळते. युक्तिवाद बिनतोड आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे.

आता नामदेवरायांकडे वळू. शके १२१८ (सन १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे ज्ञानेश्वर माउलींनी संजीवन समाधी घेतली. परंपरेनुसार माउलींचे वय तेव्हा २१ वर्षांचे व नामदेवांचे २६ वर्षांचे होते. नामदेवरायांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत तो सोहळा वर्णिला आहे. सोहळा म्हणावयाचा, परंतु वाचताना जाणवतो तो आकांत. आत्म्याला मरण नाही हे ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात ज्यांनी सांगितले, त्यांनाच निरोप द्यावयाचा होता. आणि ते सांगणे ज्यांनी अंतःकरणापासून मानले होते, तेच येथे धाय मोकलून रडतात. प्रत्यक्ष गुरू असलेल्या निवृत्तिनाथांचाही धीर सुटतो. आपल्या माणसासाठी रडणाऱ्याला ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ असे बजावणारे लोक भेटतात, त्यांनी हे अभंग एकदा अवश्य वाचावेत.

स्वतःच्या अंतकाळी नामदेवरायांनी काय मागितले? वारकरी मताने भक्तीपुढे मोक्ष थोडा. सेवा घडणार असेल तर पुन्हा जन्म घेण्यासही ना नाही. शके १२७२ (सन १३५०) च्या आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरपूरच्या महाद्वारी ते समाधिस्थ झाले, अशी आपली परंपरा आहे. तीच नामदेव पायरी. पंजाबातील घुमान येथील भाविक त्यांचा देह तेथेच ठेवला गेला असे मानतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, तेव्हा त्यांचाही जिव्हाळा आपल्याइतकाच. हा वाद अभ्यासकांनी सोडवावा. पायरीमागील भाव मात्र स्पष्ट आहे. दर्शनास जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी एवढीच इच्छा! स्वर्गातील आसन नको, माणसांच्या वाटेवरची जागा हवी.

म्हणून त्या गृहस्थांना मी आज एवढेच म्हणेन की, वडिलांपर्यंत काय पोहोचले हे मला सांगता येणार नाही. माझी श्रद्धा आहे, पण श्रद्धेची पावती कार्यालयातून देता येत नाही. अन्न ज्याच्या मुखी पडले तो मात्र मी पाहिलेला असतो.

ते गृहस्थ पुढे परतवारीला पुन्हा आले. पंढरीहून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीस येथे जमतात, कयाधूकाठी गर्दी मावत नाही. एकादशी असल्याने फराळाची पंगत होती. हे स्वतः भगर वाढावयास उभे राहिले. मला पाहून म्हणाले, “वडिलांना भगर मुळीच आवडत नसे.” हसले, बाहीने डोळे पुसले आणि पुढच्या पानाकडे वळले.