घटक ४ : ‘नंतर’ आणि ‘मुळे’ – वादग्रस्त मानसोपचार-संशोधनातील युक्तिवाद

४.० उद्दिष्टे
या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• कालक्रम व कार्यकारणभाव यांतील भेद विधानाच्या रचनेवरून ओळखता येईल.
• नियंत्रित प्रयोगाची आवश्यकता स्पष्ट करता येईल.
• समकक्ष-परीक्षणाचे कार्य व त्याच्या मर्यादा सांगता येतील.

४.१ प्रस्तावना
‘औषध घेतल्यानंतर ताप उतरला’ आणि ‘औषध घेतल्यामुळे ताप उतरला’ ही दोन वाक्ये पाहा. बोलताना आपण एकाच्या जागी दुसरे सहज वापरतो. परंतु पहिले वाक्य निरीक्षण नोंदविते, तर दुसरे अनुमान मांडते. निरीक्षण खरे असूनही अनुमान चुकीचे असू शकते. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण, तसेच परंपरेतील काकतालीय न्याय, हाच इशारा देतात. ‘नंतर’पासून ‘मुळे’पर्यंतचे अंतर कसे पार करावे, हा शास्त्रीय युक्तिवादापुढील मुख्य प्रश्न होय.

४.२ एक वादग्रस्त उपचारपद्धती
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहन यांनी ‘थॉट फील्ड थेरपी’ ही पद्धती विकसित केली. रुग्णाने त्रासदायक गोष्ट मनात आणावी आणि चेहरा, छाती, हात यांवरील ठराविक बिंदूंवर बोटांनी हलकेच थापटावे, असे तिचे स्वरूप आहे. बिंदूंचा क्रम अचूक असला पाहिजे, हा तिच्या पुरस्कर्त्यांचा महत्त्वाचा दावा. तिच्या सर्वोच्च प्रशिक्षणात हा क्रम रुग्णाच्या आवाजावरून ठरविण्याचे तंत्र शिकविले जाई.

२००१ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजी’ या नियतकालिकाने या पद्धतीवरील काही लेख समकक्ष-परीक्षणाविना छापले आणि त्यांच्या शेजारीच टीकाकारांचे अभिप्रायही दिले. त्यांपैकी एका लेखात कोसोवोतील युद्धाची झळ पोहोचलेल्या १०५ जणांवरील उपचारांची नोंद होती. २४९ आघातांपैकी २४७ आघातांबाबत पूर्ण आराम पडल्याचे त्यात म्हटले होते. आकडे प्रभावी आहेत. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सहानुभूतीने ऐकून घेणारा माणूस भेटणे, बरे होण्याची अपेक्षा, कटू आठवणीला सुरक्षित वातावरणात सामोरे जाणे, यांपैकी कशानेही आराम पडू शकतो. म्हणून हा पुरावा ‘नंतर’चा आहे, ‘मुळे’चा नाही.

४.३ नियंत्रित प्रयोग
क्रम महत्त्वाचा असेल, तर चुकीच्या क्रमाने गुण कमी यावयास हवा. दावा असा मांडला की तो खोटा ठरण्याची वाट मोकळी होते आणि परीक्षा शक्य होते. मोनिका पिग्नॉटी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६६ व्यक्तींचे दोन गट केले. एका गटाला आवाजावरून ठरविलेला क्रम दिला, तर दुसऱ्याला कोणताही यादृच्छिक क्रम. आपला क्रम कोणता, हे सहभागी व्यक्तींना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांना बरे वाटले. त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

पिग्नॉटी स्वतः याच पद्धतीच्या प्रशिक्षित उपचारक होत्या आणि २००१ च्या लेखांपैकी एकाच्या सहलेखिकाही. त्या लेखातील निष्कर्ष त्यांनी २००५ मध्ये त्याच नियतकालिकातून मागे घेतले. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा मान्य करणे हे शास्त्रीय वृत्तीचे कठीण, पण अनिवार्य अंग आहे.

येथे निष्कर्षाची मर्यादाही ओळखावी. ‘थापटल्याने कोणालाही बरे वाटत नाही’ असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. विशिष्ट क्रमामुळेच गुण येतो, या दाव्याला आधार मिळाला नाही, एवढेच सिद्ध होते.

४.४ समकक्ष-परीक्षण
लेख छापण्यापूर्वी त्या विषयातील, परंतु त्या संशोधनात सहभागी नसलेले तज्ज्ञ तो तपासतात. या पद्धतीस समकक्ष-परीक्षण किंवा पीअर रिव्ह्यू म्हणतात. तुलना कशाशी केली? मोजमाप कोणी केले? दुसरे स्पष्टीकरण संभवते काय? हे त्यांचे नेहमीचे प्रश्न. मात्र परीक्षक सहसा प्रयोग पुन्हा करून पाहत नाहीत. त्यामुळे परीक्षणातून उत्तीर्ण झालेला लेख सत्यच असतो, असे नाही. तसेच ‘परीक्षक पूर्वग्रहदूषित आहेत’ एवढे म्हटल्याने त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले असे होत नाही. तो आक्षेप व्यक्तीवर असतो, युक्तिवादावर नसतो.

४.५ सारांश
दुःखी माणूस उपचारासाठी वेळ, पैसा आणि आशा खर्च करतो. म्हणून ‘गुण आला’ या त्याच्या अनुभवाचा आदर राखूनही ‘कशामुळे आला?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. नियंत्रित प्रयोग त्या प्रश्नाचे उत्तर शोधतो. समकक्ष-परीक्षण तो प्रश्न विसरू देत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. कोसोवोविषयक लेखातील पुरावा अपुरा का ठरतो, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. वृत्तपत्रातील एखादी आरोग्यविषयक जाहिरात घ्या. तिच्यातील निरीक्षणे व अनुमाने वेगळी करा.